कोशातल्या संदर्भांची एकच पद्धत ठरवायची का, आणि ठरवायची तर कोणती?

अक्षरवेल

नमस्कार मंडळी,

कोणीही संपादू शकतो अशा आपल्या जालावरच्या कोशातल्या लेखांखाली जे संदर्भ आहेत त्यांच्याबद्दल एकदा सविस्तर बोलायला हवं, म्हणून हा धागा काढते आहे. सध्या मी विज्ञान विभागातले लेख तपासते आहे. मजकूर बहुतेक ठिकाणी चांगला आहे, पण खाली संदर्भयादीत एकाच लेखात चार-चार तऱ्हा दिसतात. एका संदर्भात आडनाव आधी, पुढच्यात नाव आधी. एकात वर्ष लेखकाच्या नावाला लागून कंसात, दुसऱ्यात अगदी शेवटी प्रकाशकानंतर. कुठे नुसताच उघडा दुवा. कुठे पुस्तकाचं नाव आहे, पण ना पान ना आवृत्ती.

उदाहरणादाखल एकच संदर्भ घेते. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख 'नेचर'च्या १७१ व्या खंडात, २५ एप्रिल १९५३ च्या अंकात आला, पाने ७३७–७३८. आता त्याची ही तीन रूपं पाहा:

वॉटसन, जे. डी.; क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). नेचर. १७१: ७३७–७३८.

जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक, 'नेचर', खंड १७१, २५ एप्रिल १९५३, पृ. ७३७.

(वॉटसन आणि क्रिक १९५३)

पहिली दोन रूपं खालच्या यादीत येतात, तिसरं मजकुरातच कंसात. तिन्ही पद्धती आपापल्या जागी मान्यताप्राप्त आहेत. पण तिन्ही एकाच लेखात आल्या की वाचणाऱ्याला वाटतं हे तीन वेगळे संदर्भ आहेत, आणि तिसऱ्याची पूर्ण नोंद यादीत नसेल तर तो संदर्भ असून नसल्यासारखाच.

या पद्धती कुठून आल्या तेही लक्षात घ्यावं. शिकागोची नियमपुस्तिका पहिल्यांदा १९०६ मध्ये निघाली, ती एका विद्यापीठाच्या छापखान्यासाठी. एपीए, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पद्धतीची सुरुवात १९२९ मध्ये मानसशास्त्राच्या नियतकालिकांसाठी झाली. आकडे देऊन संदर्भ लावायची व्हँकुव्हर पद्धत १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या बैठकीतून पुढे आली. प्रत्येकीमागे एक ठरावीक गरज होती, आणि प्रत्येकीने एक गोष्ट गृहीत धरली होती: लेखक लिहितो, संपादक तपासतो, छापून झालं की मजकूर बदलत नाही. आपला मजकूर कधीच थांबत नाही. आज मी लिहिलेल्या परिच्छेदात उद्या कोणीही दोन वाक्यं घालू शकतो. म्हणून माझ्या मते 'कोणती पद्धत जास्त प्रतिष्ठित' हा प्रश्न बाजूला ठेवावा. दहा अनोळखी हातांतून गेल्यावरही कोणता संदर्भ शाबूत राहतो, हे बघावं.

माझा प्रस्ताव: संपूर्ण कोशाला एकच पद्धत, साच्यांमधूनच (माहिती भरायच्या तयार चौकटींतूनच), आणि जुने लेख टप्प्याटप्प्याने तीत बसवायचे. मतं मांडा.

जुनी वही

@अक्षरवेल, अडचण अगदी बरोबर मांडलीत. उपायाशी मात्र मी सहमत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर लाखो लेख आहेत आणि तिथे आजही संपूर्ण कोशाला मिळून एकच पद्धत सक्तीची नाही. दंडक एवढाच की एका लेखात एक पद्धत. लेखात जी आधीपासून रुळली आहे ती पुढच्यांनी पाळायची. बदलायची असेल तर आधी लेखाच्या चर्चापानावर विचारायचं. आपल्याला दुसरी पद्धत जास्त आवडते एवढ्या कारणावरून बदल करणं तिथे गैर मानलं जातं.

यामागे मोठं शहाणपण आहे. एखाद्याने महिनोन्‌महिने खपून लेख उभा केला, साठ संदर्भ लावले, आणि एका संध्याकाळी कोणीतरी येऊन त्या साठही संदर्भांची मांडणी पालटली, तर त्या बदलातून लेखाला काय मिळालं? उलट इतिहासपान, म्हणजे लेखातल्या प्रत्येक बदलाची नोंद, वाचता येईनासं होतं. साठ ओळी बदललेल्या दिसतात, आणि त्या गर्दीत एका ठिकाणी पृष्ठ ११७ चं १७१ झालेलं कोणाच्याच लक्षात येत नाही. मांडणीचा बदल आणि आशयाचा बदल एकाच संपादनात मिसळले की पहारा ठेवणाऱ्यांचे डोळे बांधल्यासारखे होतात.

विषयांच्याही गरजा वेगळ्या आहेत. इतिहासाच्या लेखात एकच ग्रंथ तीस वेळा येतो, दर वेळी वेगळं पान. वैद्यकाच्या लेखात तीस वेगवेगळे शोधनिबंध येतात, प्रत्येक एकदाच आणि चार-सहा पानांचा. दोघांना एकाच साच्यात कोंबू नका.

निळी शाई

जुनी वही यांच्याशी सहमत, पण एक गोष्ट लेखावर सोडू नये, ती सगळीकडे बंदच करावी. 'तत्रैव' (आधीच्याच टिपेतल्या ग्रंथात) आणि 'उपरोक्त' (वर सांगितलेला ग्रंथ).

छापील पुस्तकात 'तत्रैव' सोयीचं आहे, कारण तळटिपांचा क्रम कायमचा ठरलेला असतो. आपल्याकडे काय होतं ते बघा. समजा तळटीप ३ मध्ये एका चरित्रग्रंथाचं पूर्ण नाव आणि पृ. १२ आहे. तळटीप ४ म्हणते 'तत्रैव, पृ. ४०'. सगळं व्यवस्थित. मग एक सदस्य मधल्या वाक्यात भर घालतो आणि वृत्तपत्रातल्या बातमीचा संदर्भ देतो. त्याने काहीच चुकीचं केलेलं नाही, भर चांगली आहे, संदर्भही खरा आहे. पण त्याची बातमी आता तळटीप ४ झाली आणि 'तत्रैव, पृ. ४०' ही ५ झाली. म्हणजे लेख आता सांगतो की ही माहिती त्या वृत्तपत्राच्या चाळिसाव्या पानावर आहे. कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही, आपोआप तपासणी करणारा कोणताही बॉट ती पकडत नाही. चरित्रग्रंथ ज्याने प्रत्यक्ष वाचला आहे त्यालाच ती कळेल, आणि तो तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

तसंच परिच्छेदाच्या शेवटी एकच संदर्भ देऊन चार वाक्यांचा भार त्याच्यावर टाकण्याचं. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की चारही वाक्यं त्याच पानावरची आहेत. कोणीतरी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यामध्ये ऐकीव माहिती घातली की ती बिनबोभाट त्या संदर्भाच्या छत्राखाली जाते. यावर पूर्ण तोडगा नाही, पण ज्या वाक्यावर वाद होऊ शकतो, ज्यात आकडा आहे किंवा कोणाचं विधान आहे, त्याला स्वतःचा संदर्भ हवाच, मग तोच क्रमांक तीनदा आला तरी चालेल. अक्षरवेल म्हणतात ती 'दहा हातांतून शाबूत राहण्याची' कसोटी मला पूर्ण मान्य आहे, आणि 'तत्रैव' तीत पहिल्याच हाताला नापास होतं.

पायवाट

मी इथे नवीन आहे, त्यामुळे थेट विचारते. मला साचे वापरता येत नाहीत. मी आतापर्यंत वाक्यापुढे पुस्तकाचं नाव आणि पान साध्या अक्षरांत लिहीत आले आहे. तुमचं काही ठरलं की माझे बदल उलटवले जातील का? तसं असेल तर आधी शिकून घेते आणि मगच लिहिते.

जुनी वही

@पायवाट, कृपया थांबू नका. तुम्ही जे करता आहात ते या सगळ्या चर्चेपेक्षा मोलाचं आहे. पुस्तकाचं नाव, लेखक, पान आणि तुमच्या हातातली आवृत्ती कोणत्या वर्षाची, इतकं साध्या अक्षरांत लिहिलंत तरी बाकीची मांडणी दुसरा कोणीही करू शकतो. उलटं मात्र होत नाही. साचा सुंदर भरलेला आहे आणि पान क्रमांकच नाही, तर ते पान शोधायला पुस्तक पुन्हा हातात घेऊन बसावं लागतं.

मांडणी चुकली म्हणून संदर्भ असलेला बदल कोणीही उलटवू नये, हे आपल्या नियमात स्पष्ट लिहावं अशी माझी मागणी आहे. पद्धत ठरवताना नवे लोक दाराशीच अडकले तर त्या पद्धतीचा उपयोग काय?

धागादोरा

तांत्रिक बाजू मांडतो, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत.

संदर्भात माहिती असते आणि तिचं दिसणं असतं. हाताने लिहिलेल्या संदर्भात दोन्ही एकत्र. साच्यात त्या वेगळ्या होतात: लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, पृष्ठ अशा रकान्यांत तुम्ही फक्त माहिती भरता, स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे ते साचा ठरवतो. इंग्रजी विकिपीडियावरच्या दोन मुख्य साचा-कुळांतला डोळ्यांना दिसणारा मोठा फरक म्हणजे एकात घटकांमध्ये पूर्णविराम येतो, दुसऱ्यात स्वल्पविराम. आत माहिती तीच. तिथे २०१३ पासून हे साचे लुआ या संगणकीय भाषेत लिहिलेल्या एका सामायिक मोड्यूलवर चालू लागले, त्यामुळे दिसणं एका जागी बदललं की हजारो लेखांत बदलतं. म्हणजे आडनाव आधी की नाव आधी, वर्ष पुढे की मागे, यावर आपण आज भांडायची गरजच नाही. रकाने नीट भरलेले असले की ते पुढेही ठरवता येईल.

रकान्यांत काय भरायचं याबाबत मात्र आजच कडक व्हायला हवं. आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ अंकांचा आहे. तारखा, पृष्ठं, खंड देवनागरी अंकांत असावेत हे ठीक. पण डीओआय (शोधनिबंधाचा) आणि आयएसबीएन (पुस्तकाचा) हे ओळखक्रमांक आहेत, ते मूळ इंग्रजी अंकांतच ठेवायला हवेत. डीओआयचे अंक देवनागरीत टाइप केले की दुवा कुठेच उघडत नाही. तपासणीत असे बरेच तुटके दुवे सापडतात, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मनापासून 'शुद्धीकरण' केलेलं असतं.

आयएसबीएनमध्ये चूक पकडायची सोय आतच आहे, ती वापरा. तेरा अंकी क्रमांकाचे अंक आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, बेरजेला १० ने भाग जायला हवा. इथे समजावण्यापुरता देवनागरीत लिहितो: ९७८०३०६४०६१५७. याची बेरीज १०० येते, म्हणजे क्रमांक नियमात बसतो. एक अंक चुकला तर हे गणित नक्की बिघडतं. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी बहुतेकदा बिघडतं, फक्त त्या दोन अंकांत बरोबर ५ चा फरक असेल तर चूक निसटते. १ जानेवारी २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा अंकी क्रमांक असतो, त्याचं गणित वेगळं आहे आणि शेवटी कधी कधी एक्स हे अक्षर येतं. तो एक्स चूक समजून पुसू नका, तिथे तो दहाच्या जागी असतो.

आणि तारखा. ०३/०४/२०१५ असं कोणीही लिहू नये. ३ एप्रिल की ४ मार्च, हे लिहिणारा सोडून कोणालाच कळत नाही. महिना अक्षरांत लिहा.

पानोपानी

माझं काम मुख्यतः इतिहासाच्या लेखांवर असतं, म्हणून पानांचा प्रश्न पुढे नेते. जुनी वही म्हणाले तसं एकच ग्रंथ तीस वेळा येतो. इथे तीन वाटा आहेत, आणि प्रत्येकीत काहीतरी गमवावं लागतं.

पहिली वाट, तीस वेळा पूर्ण संदर्भ. यादी इतकी फुगते की कोणते ग्रंथ वापरले हेच दिसत नाही. दुसरी, एकाच संदर्भाला नाव देऊन तोच पुन्हा पुन्हा वापरायचा आणि वर चढवलेल्या आकड्यापुढे पान लिहायचं, [४]:५७ असं. यादी आटोपशीर राहते, पण मजकुरात आकड्यांची दाटी होते, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो ५७ कसला हे उमगत नाही. तिसरी वाट लघुटिपांची: तळटिपेत फक्त आडनाव, वर्ष, पान, आणि खाली वेगळ्या ग्रंथसूचीत पूर्ण नोंद. टिपेवर टिचकी मारली की पूर्ण नोंदीवर जाता येतं.

मी तिसरीच्या बाजूने आहे, आणि का ते सांगते. इतिहासाच्या लेखाची विश्वासार्हता ग्रंथसूचीवरून एका नजरेत कळते. कोणत्या पक्षाची साधनं वापरली, समकालीन किती आणि नंतरची किती, एकाच लेखकावर सगळा डोलारा उभा आहे का, हे सूची वर्णक्रमाने समोर असली की लगेच दिसतं. आकड्यांच्या यादीत ते विखुरतं. आणि लघुटीप कुठेही हलवली तरी तिचा अर्थ बदलत नाही, निळी शाई यांच्या 'तत्रैव'सारखं होत नाही.

तिची कमजोर जागाही आहे. टीप आणि सूची यांना जोडणारा धागा म्हणजे आडनाव आणि वर्ष. सूचीत कोणी १९९८ चं १९९९ केलं की सगळ्या टिपा एकदम तुटतात. पण ही तूट साच्याला कळते, अशा लेखांची आपोआप वेगळी यादी करता येते. जी चूक दिसते ती दुरुस्त होते, म्हणून मला ती 'तत्रैव'च्या लपलेल्या चुकीपेक्षा कितीतरी बरी वाटते.

कंसातली पद्धत मात्र, म्हणजे मजकुरातच (वॉटसन आणि क्रिक १९५३) लिहिणं, सोडून द्यावी. इंग्रजी विकिपीडियाने सप्टेंबर २०२० मध्ये चर्चेअंती ती नव्या लेखांसाठी बाद केली. प्रबंधात ती शोभते, कारण वाचणारे त्या विषयातलेच असतात आणि नाव वाचताच त्यांना काम आठवतं. सामान्य वाचकाला ती वाक्याच्या मध्ये आडवी येते.

अक्षरवेल

सर्वांचे आभार, चर्चा फार उपयोगी झाली. 'संपूर्ण कोशाला एकच पद्धत' हा आग्रह मी मागे घेते. इतिहासपान वाचता न येण्याचा मुद्दा आणि पानोपानी यांचं ग्रंथसूचीचं कारण, दोन्ही मला पटले. विज्ञानाच्या लेखांत मी लघुटिपा मागणार नाही, इतिहासात आकड्यांची यादी लादणार नाही.

नावांच्या क्रमाबद्दल एक विचार. आडनाव आधी लिहिण्याचं खरं कारण म्हणजे वर्णक्रम. आकड्यांच्या यादीत वर्णक्रम नसतोच, मग तिथे नाव उलटं करायचं कशाला? शिवाय जगात सगळ्यांना आडनाव असतंच असं नाही. आइसलँडमध्ये माणसाची नोंद त्याच्या पहिल्या नावाखाली होते. चिनी नावात कुलनाम आधीच पुढे असतं, तिथे आपण स्वल्पविराम घालून पुन्हा फिरवलं की नाव बिघडतं. साच्यात 'आडनाव' आणि 'नाव' या रकान्यांच्या जोडीला नुसता 'लेखक' असाही रकाना हवा, आणि शंका असेल तिथे पुस्तकावर छापलंय तसं नाव त्यात भरावं.

निळी शाई

नावांवरून आठवलं. दुवा दिला की आपोआप संदर्भ तयार करून देणारी अवजारं वापरा, पण तयार झालेला संदर्भ वाचल्याशिवाय जतन करू नका. बातमीच्या पानावर 'आमचा प्रतिनिधी' असं असलं की अवजार 'प्रतिनिधी' हे आडनाव आणि 'आमचा' हे नाव समजतं. मग लघुटिपेत 'प्रतिनिधी २०१९' येतं, आणि दुसऱ्या बातमीतही 'प्रतिनिधी २०१९'. लेखकाचं नाव नसेल तर रकाना रिकामा सोडावा, नियतकालिकाचं नाव आणि तारीख पुरेशी आहे.

दुव्यांबद्दलही नियमात एक ओळ हवी: जिथे संदर्भ फक्त जालावर आहे तिथे त्याच दिवशी संग्रहित प्रत करून तिचा दुवा जोडावा. जालावरच्या पानांच्या प्रती साठवणारं वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांसाठी खुलं आहे, प्रत जतन करायला मिनिटसुद्धा लागत नाही. पाहिल्याची तारीखही अशाच संदर्भांना द्यावी. छापील पुस्तकाला ती देण्यात अर्थ नाही, पुस्तकाचा मजकूर उद्या बदलणार नसतो.

अक्षरवेल

मग मसुदा असा करते. एका लेखात एक पद्धत. लेखात आधी रुळलेली पद्धत चर्चापानावर सहमती झाल्याशिवाय बदलू नये. नव्या लेखात आकड्यांच्या तळटिपा किंवा लघुटिपा यांपैकी काहीही चालेल, मजकुरातल्या कंसातली पद्धत नको. 'तत्रैव' आणि 'उपरोक्त' कुठेही नकोत, आणि जुन्या लेखांत जिथे दिसतील तिथे इतिहासपान उघडून ते मुळात कोणत्या ग्रंथासाठी होते हे पाहूनच पूर्ण करावेत, अंदाजाने नाही. पुस्तकाला पान आणि आवृत्तीचं वर्ष हवंच. ओळखक्रमांक इंग्रजी अंकांत. महिना अक्षरांत. मांडणीचे बदल आशयाच्या बदलांपासून वेगळ्या संपादनात करावेत आणि सारांशात तसं लिहावं. केवळ मांडणीवरून संदर्भ असलेला बदल उलटवू नये.

एक गोष्ट राहिली. पुस्तकावर फक्त शके किंवा हिजरी वर्ष असेल तर काय करायचं?

पानोपानी

छापलेलं वर्ष तसंच ठेवून चौकटी कंसात इसवी सन द्यावा. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं तिरक्या रेघेने लिहा, एक निवडू नका. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते बेरजेने मिळत नाही, कोष्टक पाहावं लागतं. साच्यात 'मूळ वर्ष' असा वेगळा रकाना करता आला तर लघुटीप त्यावरच जोडता येईल.

धागादोरा

'मूळ वर्ष' रकाना करता येईल. आधी धूळपाटीवर (प्रयोगाच्या पानावर) करून पाहतो, तिथे तुमचे दोन-तीन खरे संदर्भ टाका, लघुटिपा नीट जोडल्या जातात का ते बघू. 'तत्रैव' असलेल्या लेखांची यादीही शोधून त्याच पानावर लावतो. @पायवाट, तुमचे साध्या अक्षरांतले संदर्भ साच्यात बसवायला मी मदत करेन, लेखांची नावं माझ्या चर्चापानावर टाका.